आधी आपला शब्द पाळा

चि. मीनूस,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. लेकाला जरा दम धरवत नाही, मोबाइल काढून घेतला की घर डोक्यावर घेतो, दप्तरही तुलाच भरावं लागतं. पालकसभेत मार्शमेलोची गोष्ट ऐकून आलीस आणि आता त्याच्यापुढे चॉकलेट ठेवून ‘थांबतो का’ ते बघतेस म्हणे! तो खेळ आधी बंद कर.

ती गोष्ट अर्धीच सांगतात. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या बालशाळेत १९६०च्या दशकात ते प्रयोग सुरू केले: मुलापुढे एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड खाऊ, ठेवायचा; लगेच न खाता थांबलं तर आणखी एक मिळणार. थांबणारी मुलं पुढे अभ्यासातही सरस निघाली, हे खरं. पण २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांची माहिती घेऊन ते पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरताच तो संबंध बराच फिका पडला.

मला मोलाचा वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठातला प्रयोग, २०१३ साली छापून आलेला. मुलं अवघी २८, तीन ते पाच वर्षांची. आधी त्यांना वापरलेले रंगखडू दिले आणि सांगितलं, जरा थांब, याहून छान आणते. निम्म्यांना छान साहित्य मिळालं. उरलेल्यांना सांगितलं, ‘अगं, नाहीच आहे, सॉरी.’ मग मार्शमेलो पुढे ठेवलं. पहिली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, दुसरी जेमतेम तीन. या दुसऱ्यांना हावरट कशाला म्हणायचं? ही बाई पुन्हा फसवणार, त्यापेक्षा हातातलं खाऊन मोकळं व्हावं, हा चोख व्यवहार झाला.

आता तुझ्या घरी ये. तुझं ‘दोन मिनिटांत येते’ म्हणजे अर्धा तास. ‘उद्या बागेत नेतो’ हे जावईबापूंचं वाक्य मी स्वतः ऐकलंय. उद्या उजाडला, बाग राहिली. धमक्यांचंही तेच. सकाळी ‘मोबाइल आठवडाभर बंद’ आणि दुपारी तोच मोबाइल वरणभाताच्या ताटाला टेकवलेला, दोन घास जास्त जावेत म्हणून. पोरगं हे सगळं टिपतं गं. (आमच्या वेळची छडी बरी होती असं मात्र समजू नकोस. छडी समोर असेपर्यंतच ती शिस्त टिकायची.)

दप्तराचं सांगते. रात्री वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही आया विचारत बसता, ‘उद्या काय न्यायचंय?’ पोरं तोवर गाढ झोपलेली! विसरण्याची झळ त्यांना लागणार कधी? तू विचारणं सोड. चित्रकलेची वही राहिली तर राहू दे, बाई दोन शब्द बोलतील. डबा विसरला तर मात्र नेऊन दे. उपाशी ठेवून काही शिकवायचं नसतं.

दिवाळीला इकडे येणार म्हणतेस. तिकिटं हातात पडल्याशिवाय त्याला सांगू नकोस.

तुझी,
मावशी