चार मतांचा हक्क आणि आपली जबाबदारी



नळाचे पाणी, गटार, दवाखाना, स्मशानभूमी हे रोजच्या जगण्याचे विषय प्रामुख्याने महापालिकेच्या सभागृहात ठरतात. तरीही या निवडणुकीकडे आपण ‘छोटी निवडणूक’ म्हणून पाहतो. ही समजूत घातक आहे.

महाडचे उदाहरण घ्या. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव तेथील नगरपालिकेने १९२४ साली केला. १९२७ च्या मार्च महिन्यात सत्याग्रह झाला आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने ठराव रद्द केला. त्या काळी मताचा अधिकार कर भरणाऱ्या, मालमत्ता असणाऱ्या मोजक्यांनाच होता. ज्यांना पाणी नाकारले, त्यांना मतही नव्हते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली.

आता आपल्या शहराकडे वळू. मीरा-भाईंदर नगरपालिका १९८५ साली स्थापन झाली व २००२ साली तिची महानगरपालिका झाली. २०१७ साली निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधल्या काळात तीन वर्षांहून अधिक प्रशासकाचा कारभार होता. आपले म्हणणे सभागृहात मांडणारा निवडून दिलेला माणूस नव्हता.

ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. आपल्याकडे २४ प्रभाग व ९५ नगरसेवक आहेत. २३ प्रभागांत चार-चार आणि एका प्रभागात तीन जागा. म्हणजे बहुतेक मतदारांना एक नव्हे, चार मते द्यायची असतात : अ, ब, क व ड या प्रत्येक जागेसाठी एक. एकाच जागेसमोरची चार बटणे दाबून चालत नाही. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर तेथे ‘नोटा’चे बटण आहे. सर्व मते नोंदल्यावरच यंत्राचा लांब आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय बाहेर पडू नये.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर उमेदवार त्या प्रवर्गाचा असतो, परंतु मत सर्वच मतदार देतात. १९३२ च्या पुणे करारापासून संयुक्त मतदारसंघाची हीच पद्धत आहे. त्यामुळे राखीव जागेवरील उमेदवारालाही सर्व समाजाचा विश्वास मिळवावा लागतो. आणि उरलेल्या तीन जागांवरील उमेदवारांना आपल्या दाराशी यावेच लागते. त्या तीन मतांचा हिशेब आपण मागतो का?

महापौर जनता थेट निवडत नाही, नगरसेवक निवडतात. आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते.

प्रभागाची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. जानेवारी २०२६ साठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. ऐनवेळी धावपळ करून नाव लागत नाही. बँकेत पत्ता बदलल्याचे कळवले नाही तर पत्र जुन्या घरी जाते, तसेच मताचे आहे. भाड्याचे घर बदलताच नमुना ८ भरावा. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलींचा नमुना ६ भरून घ्यावा. प्रत्येक शाखेने वर्षावासातील एक रविवार या कामाला द्यावा.

भिक्खू संघात शलाका घेऊन मतदान होत असे. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे नियम संघाला ठाऊक होते, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत करून दिली. हा वारसा आपला आहे. तो चारही बटणांवर चालवू या.

नमो बुद्धाय! जयभीम!