खाऊगल्लीत करिअर असतं का?

"मुलगा म्हणतो, पाहुण्यांना पेठांमधून हिंडवणार आणि मिसळ खाऊ घालणार. याला आम्ही नोकरी म्हणायचं का?" बारावीचा निकाल लागला की समुपदेशनाला येणारे पालक हल्ली असलेही प्रश्न घेऊन येतात. प्रश्नात काळजी असते, थोडी थट्टाही असते. थट्टा सोडून देऊ आणि काळजीचं उत्तर शोधू. याला नोकरी म्हणायचं नाही. हा व्यवसाय आहे आणि तो व्यवसायासारखाच तपासायला हवा: गिऱ्हाईक कोण, खर्च किती, हंगाम कधी आणि आपल्या मुलाला असं काय येतं जे शेजारच्याला येत नाही.

आधी काम नेमकं काय ते पाहू. सहा ते दहा जणांचा गट, दोन-अडीच तास, दीड-दोन किलोमीटरची पायपीट, वाटेत पाच-सहा ठिकाणी चव घेणं आणि त्या चवीच्या निमित्ताने त्या भागाची माणसं, धंदे, देवळं, बाजार समजून घेणं. याला 'फूड वॉक' म्हणतात. गट लहान ठेवण्यामागे हौस नाही, हिशेब आहे. तुळशीबागेच्या बोळात पंचवीस माणसं एका जागी उभी राहिली तर दुकानदार पहिल्याच दिवशी हाकलून देईल, आणि बरोबरच करेल. त्याचं रोजचं गिऱ्हाईक अडतं. मिसळीच्या हॉटेलात एका वेळी दोन टेबलं मिळतात, चार नाही. आवाज आठव्या-दहाव्या माणसापर्यंत पोचतो, त्यापुढे माइक लागतो, आणि माइक आला की गल्लीची सभा होते.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. सकाळी शनिवारवाड्यासमोर जमायचं, लाल महालावरून कसबा गणपतीला जायचं, तिथून तांबट आळीत शिरायचं. हातोडीचे ठोके देत तांब्याची भांडी घडवणारे कारागीर आजही तिथे काम करताना दिसतात. मग तुळशीबाग आणि शेवटी मंडई. खाण्यात मिसळ, बटाटावडा, बाकरवडी, ऋतू असेल तसं फळ आणि शेवटी मस्तानी. आता हे सगळं कुठलाही पुणेकर आपल्या पाहुण्याला फुकट दाखवतो. मग लोकांनी पैसे कशाचे द्यायचे?

मंडईचं बघा. आठ बाजूंची, उंच मनोऱ्याची ही इमारत 1886 मध्ये 'रे मार्केट' म्हणून सुरू झाली. लॉर्ड रे हे तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर. नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. भाजीच्या गाळ्यासमोर उभं राहून, हातात पेरूची फोड देऊन ही गोष्ट तीन मिनिटांत सांगता आली तर पाहुणा मंडई विसरत नाही. पैसे या तीन मिनिटांचे मिळतात. पेरू त्याला कुठेही मिळाला असता.

आणि ती तीन मिनिटं खरी असावी लागतात. या व्यवसायात थापांचा सुळसुळाट आहे, हे मला स्पष्टच सांगायला हवं. 'पाच हजार वर्षांची परंपरा' असं म्हणत बटाटेवडा दाखवणारे गाइड आहेत. बटाटा, मिरची, टोमॅटो हे तिन्ही अमेरिका खंडातून आले, आणि तेही पोर्तुगीज वगैरे दर्यावर्दी इकडे आल्यानंतर. पावभाजीच्या जन्माबद्दल कापसाच्या बाजाराची आणि अमेरिकेतल्या यादवीची एक सुरस कथा सांगितली जाते. सांगायला हरकत नाही, पण दंतकथा म्हणून. ज्या मुलाला 'हे तुला कुणी सांगितलं?' असं स्वतःलाच विचारायची सवय आहे, त्याने या वाटेचा विचार करावा. वाचायला भरपूर आहे: गोविंद नारायण माडगावकरांचं 1863 सालचं 'मुंबईचे वर्णन', लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र', दुर्गा भागवतांचं 'खमंग'. इंग्रजी वाचत असेल तर के. टी. अचया यांचं भारतीय अन्नाच्या इतिहासावरचं पुस्तक हाताशी असावं.

गोष्टीइतकीच महत्त्वाची, पण जाहिरातीत कधी न दिसणारी दोन कौशल्यं आहेत. पहिलं म्हणजे पाहुण्याच्या पोटाची काळजी. आपल्याकडे शेंगदाणा कशात नसतो? साबुदाण्याच्या खिचडीत कूट, चटणीत कूट, भरल्या वांग्यात कूट, तळणीला कधी शेंगदाण्याचंच तेल. परदेशी पाहुण्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर एक घास जिवावर बेतू शकतो. म्हणून नोंदणीच्या वेळीच लेखी विचारायचं: ॲलर्जी, मधुमेह, गरोदरपण, जैन जेवण, उपवास, हलाल. पाणी बाटलीबंद, बर्फ टाळायचा, चिरून ठेवलेलं फळ टाळायचं, समोर गरम तळलेलं निवडायचं. दुकानाकडे अन्नसुरक्षेची नोंदणी आहे का हे आधीच पाहून ठेवायचं. झणझणीत मिसळ सुरुवातीला की मध्ये, थंड मस्तानी शेवटीच का, एका प्लेटमध्ये किती जणांची चव भागते, हे सगळं आधी ठरलेलं हवं. आणि वाटेत स्वच्छ शौचालय कुठे आहे ते माहीत हवं. हसू नका, अडीच तासांच्या फेरीत ज्येष्ठ पाहुणे हाच प्रश्न सर्वांत आधी विचारतात.

दुसरं कौशल्य दुकानदाराशी नातं जोडण्याचं. न विचारता कढईपाशी कॅमेरे रोखणारा गट कुणालाच नको असतो. गर्दीची वेळ सोडून जाणं, पैसे रोख आणि लगेच देणं, आज चार माणसं कमी आहेत हे आधी कळवणं, दुकानदाराकडून कमिशन न मागणं. शेवटचं विशेषतः. कमिशन घेतलं की चव चांगली असो-नसो, पाहुण्यांना तिथेच न्यावं लागतं, आणि तिथून फेरीचा दर्जा घसरायला लागतो.

आता पैशांकडे येऊ. समजा माणशी 1000 रुपये घेतले आणि आठ जण आले: 8000 जमा. खाण्यावर माणशी 200 धरले तर 1600 गेले. नोंदणी एखाद्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळामार्फत झाली असेल तर पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, त्यांचा. म्हणजे आणखी 1600. मदतनीसाला 500. हातात उरले 4300. महिन्याला अशा आठ फेऱ्या झाल्या तर 34,400. ऐकायला बरं वाटतं. पण चारच जण आले तर? 4000 मधून 800, 800 आणि 500 वजा केले की 1900 उरतात. माणसं निम्मी झाली तर मिळकत निम्म्याहूनही खाली येते, कारण मदतनीसाचा खर्च तेवढाच राहतो. हे आकडे फक्त हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत. शहर आणि गिऱ्हाईक बदललं की दर बदलतो. बदलत नाही तो हंगाम. ऑक्टोबर ते मार्च चांगला, एप्रिल-मे उन्हाचा, जून ते सप्टेंबर पावसाचा. आणि 2020 मध्ये टाळेबंदीत हा धंदा एका रात्रीत शून्यावर आला होता, याची पालकांनी मुलाला जरूर आठवण करून द्यावी.

म्हणून जे टिकतात ते फक्त परदेशी पर्यटकांवर विसंबत नाहीत. कंपन्यांच्या सहली असतात, शाळांच्या क्षेत्रभेटी असतात. डिसेंबरात अमेरिका-इंग्लंडहून येणारी मराठी कुटुंबं असतात, ज्यांना आपल्या तिथे वाढलेल्या मुलांना आजोळचं गाव दाखवायचं असतं. आणि रविवारी सकाळी येणारे, त्याच शहरात तीस वर्षं राहिलेले पण तांबट आळी कधीच न पाहिलेले लोक असतात. हे शेवटचं गिऱ्हाईक सर्वांत खवचट आणि सर्वांत उपयोगी. चूक झाली तर जागेवरच दुरुस्त करतात.

मुंबईत स्पर्धा मोठी आणि गिऱ्हाईकही मोठं: गिरगावात खोताची वाडी आणि 1893 पासून गणेशोत्सव साजरा करणारी केशवजी नाईकांची चाळ, भुलेश्वरची देवळं आणि फरसाण, रमजानच्या रात्रींत मोहम्मद अली रोड, 1904 पासून चाललेलं कयानीसारखं इराणी हॉटेल. पणजीत फोंतेनयास आणि रोस ऑम्लेट. पण मला विचाराल तर जागा मोकळी आहे ती कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, नाशिक इथे. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दूध देतात. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं कुस्ती मैदान तिथून लांब नाही. अंबाबाईच्या दर्शनाला रोज हजारो माणसं येतात. त्यांतल्या किती जणांना दर्शनानंतर दोन तास शहर बघायचं असेल, हे कुणी नीट विचारलेलंच नाही. त्याचं उत्तर स्थानिक मुलालाच शोधावं लागेल.

शिक्षणाचं काय? यासाठी वेगळी अशी पदवी नाही आणि नसलेलीच बरी. इतिहास, पुरातत्त्व, मराठी किंवा इंग्रजी साहित्य, हॉटेल मॅनेजमेंट, वाणिज्य, यांपैकी काहीही चालतं. पर्यटनाचंच शिक्षण हवं असेल तर केंद्र सरकारच्या ग्वाल्हेरच्या पर्यटन संस्थेत पदवी आणि एमबीए आहे. तिची एक शाखा गोव्यातही आहे. हॉटेल मॅनेजमेंटसाठी दादरची संस्था 1954 पासूनची. प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून. पदवीसोबत एक परदेशी भाषा शिकावी, हा माझा आग्रह आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, जपानी शिकता येतं. जपानी बोलणारा गाइड अजून मोजकाच आहे आणि त्याचा दर वेगळा असतो.

परवान्यांचा विषय थोडक्यात. रस्त्यावरून, बाजारातून लोकांना हिंडवणं वेगळं आणि संरक्षित स्मारकाच्या आत पैसे घेऊन माहिती सांगणं वेगळं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या वास्तूत, म्हणजे शनिवारवाड्याच्या आतसुद्धा, त्यासाठी परवाना लागतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा 'इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट गाइड' हा ऑनलाइन प्रशिक्षण कार्यक्रम आहे. पात्रता आणि शुल्क अर्ज करतानाच पाहावं, ते बदलत असतं. व्यवसाय म्हणून उद्यम नोंदणी मोफत होते. सेवांवरचा जीएसटी वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेल्यावर लागू होतो, त्यामुळे पहिली काही वर्षं ती चिंता नाही. प्रथमोपचाराचा छोटा अभ्यासक्रम मात्र पहिल्या फेरीच्या आधी करावा.

मुलींच्या पालकांचा प्रश्न वेगळा असतो: अनोळखी माणसांबरोबर मुलगी एकटी फिरणार? फेरी दिवसाची, गजबजलेल्या रस्त्यावरची, नावं आणि फोन नंबर आधी घेतलेली, सोबत मदतनीस. एवढं पाळलं तर धोका कॉलेजच्या प्रवासाहून फार वेगळा नाही. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रिया तर मुद्दाम स्त्री गाइड मागतात. राज्य सरकारने 2023 मध्ये महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आणलं आहे. पर्यटन व्यवसाय सुरू करणाऱ्या स्त्रियांना कर्जाच्या व्याजात त्याखाली मदत मिळते. त्याची चौकशी पर्यटन संचालनालयात करता येईल.

बारावीनंतर सगळं सोडून यात उतरायला मी कुणालाही सांगणार नाही. पदवीला प्रवेश घ्यावा आणि पहिल्या वर्षी एकच गल्ली निवडावी. तिथे वेगवेगळ्या वेळी जावं, दुकानदारांशी बोलावं, नकाशा काढावा, सुट्टीत मावसभावंडांना आणि त्यांच्या मित्रांना फुकट फिरवावं. दुसऱ्या वर्षी पैसे घ्यावेत, थोडे का होईना. पालकांनी भांडवल देऊ नये, एक वही द्यावी आणि त्यात प्रत्येक फेरीचा जमाखर्च लिहायला लावावा. तिसऱ्या वर्षाअखेर वहीत नफा दिसत असेल आणि पाहुणे दुसऱ्या पाहुण्यांना पाठवत असतील, तर पदवीनंतर दोन वर्षं पूर्ण वेळ करून बघायला हरकत नाही. नफा दिसत नसेल तर हा शनिवार-रविवारचा जोडधंदा ठेवावा आणि हॉटेल, संग्रहालय, पर्यटन कंपनी किंवा कार्यक्रम आयोजनात नोकरी शोधावी. अनोळखी गटासमोर न अडखळता अडीच तास बोलू शकणाऱ्या उमेदवाराला तिथे मागणी आहे.