पैसे पोंचविण्याची वाट

एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पैसे पाठवावयाचे झाल्यास पूर्वीं आपल्याकडे हुंडीचा उपयोग करीत. पुण्याच्या सावकारानें लिहून दिलेली हुंडी काशीच्या पेढीवर वटत असे. नाण्यांचीं पोतीं वाटेनें न्यावीं लागत नसत. मात्र त्या व्यवहाराचा सारा पाया पेढीच्या पतीवर असे. ज्यांची आपणांस ओळख नाहीं अशा मनुष्यांच्या हातून पैसे पाठवावे, आणि तरीही ते मध्येंच कोणीं गिळंकृत करूं नयेत, अशी योजना होईल काय? आणि झाली तर पुष्कळ वाटांपैकीं कोणती धरावी? या दुसऱ्या प्रश्नाचा विचार येथें विशेषें करून करावयाचा आहे. कारण शाळेंत शिकविलें जाणारें गणित व्यवहारांत कसें उतरतें, हें त्यावरून विद्यार्थ्यांस दिसून येईल.

बिटकॉइन नांवाचें संगणकावरील चलन २००९ सालीं सुरू झालें. त्याची जमाखर्चाची वही हजारों संगणकांवर ठेवलेली असून तींत नवें पान सरासरी दहा मिनिटांनीं जोडलें जातें. लहानसहान खरेदीस इतका विलंब परवडत नाहीं. म्हणून जोसेफ पून व थॅडियस ड्रायजा यांनीं २०१५ सालीं 'लाइटनिंग नेटवर्क' नांवाची योजना मांडली, व २०१८ पासून ती प्रत्यक्ष वापरांत आली.

या योजनेंत दोन माणसें कांहीं रक्कम सामाईक कुलुपांत ठेवितात; यास चॅनेल म्हणतात. बालवर्गांतील मणिचौकटीची एक तार डोळ्यांपुढें आणा. तारेवर दहा मणी आहेत. एकूण मणी बदलत नाहींत. ते इकडून तिकडे सरकतात, एवढेंच. 'अ'कडे सात व 'क'कडे तीन मणी असतील, तर 'अ' हा 'क'ला सातांहून अधिक देऊं शकत नाहीं. आतां 'अ' व 'ज' यांच्यामध्यें तार नाहीं, परंतु 'अ–क' व 'क–ज' या तारा आहेत, असें समजा. 'अ' आपले मणी 'क'कडे सरकवितो, व 'क' दुसऱ्या तारेवर तितकेच मणी 'ज'कडे सरकवितो. याबद्दल 'क'ला थोडी हशील मिळते.

'क' लबाड निघाला तर काय? त्याची तरतूद अशी कीं, घेणारा एक गुप्त संख्या निवडतो, व तिच्यावरून काढलेला ठसा तेवढा देणाऱ्यास कळवितो. ती संख्या दाखविल्यावांचून कोणासही आपल्या टप्प्यावरील रक्कम उचलतां येत नाहीं. आणि ठराविक मुदतींत ती न दाखविल्यास रक्कम मूळ धन्याकडे परत येते. ज्यानें पुढें पैसे दिले, त्यालाच ती संख्या मिळून मागचे पैसे घेतां येतात.

पैसे सुरक्षित राहिले, तरी ते पोंचतीलच असें नाहीं. वाट निवडण्याचें काम देणाऱ्याचें. चॅनेलची एकूण रक्कम व हशील सामान्यतः जाहीर असते. परंतु मणी कोणत्या बाजूस किती आहेत, हें त्या दोघांवांचून कोणासही ठाऊक नसतें. तें जाहीर करावें, तर प्रत्येकाचा खाजगी व्यवहार उघडा पडेल, आणि क्षणोक्षणीं बदलणाऱ्या आंकड्यांच्या वर्दीनेंच सर्व यंत्रणा दडपून जाईल. यामुळें देणाऱ्यास अर्धवट अंधारांतच वाट शोधावी लागते. कधीं पैसे अर्ध्या वाटेवरून परततात; कधीं मुदत संपेपर्यंत कांहीं तास किंवा त्याहूनही अधिक काळ अडकून पडतात.

वाट शोधण्याची प्रसिद्ध रीत एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञानें १९५९ सालीं प्रसिद्ध केली. जें ठिकाण सर्वांत कमी खर्चांत गांठतां येतें, तें प्रथम निश्चित करावें. तेथून पुढील ठिकाणांचे खर्च मोजावे. आणि हाच क्रम मुक्काम येईपर्यंत चालवावा. या रीतीनें सर्वांत स्वस्त वाट निःसंशय सांपडते. परंतु जी वाट स्वस्त, तिच्याकडे सर्वच धांव घेतात. त्यामुळें तिच्यावरील मणी एका बाजूस जाऊन बसण्याचा संभव अधिक. अशी वाट स्वस्त असूनही निरुपयोगी ठरते.

म्हणून हशिलाबरोबर यशाची संभाव्यताही मोजली पाहिजे. चॅनेल १००० मण्यांचें आहे व आपणांस ६०० पाठवावयाचे आहेत. मण्यांची प्रत्येक वांटणी सारखीच संभवनीय मानली, तर यशाची संभाव्यता सुमारें शेंकडा ४० होते. दुसऱ्या वाटेवर एकाऐवजीं दोन चॅनेलें लागतात, पण प्रत्येक ६००० मण्यांचें आहे. तेथें प्रत्येक टप्प्यास शेंकडा ९० संभाव्यता. दोहोंचा गुणाकार केला असतां शेंकडा ८१. लांबची वाट दुपटीहून अधिक भरंवशाची ठरली! गुणाकाराची बेरीज लॉगॅरिदमनें करितां येते, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतातच. संभाव्यतेचा लॉगॅरिदम ऋणचिन्ह देऊन घेतला, कीं तोच खर्च समजून डाइक्स्ट्राची रीत येथेंही लावितां येते.

मोठी रक्कम विभागून पाठविणेंही हितावह असतें. १००० मण्यांचीं दोन चॅनेलें दोन वेगळ्या वाटांवर आहेत व ९०० पाठवावयाचे आहेत. एकाच वाटेनें संभाव्यता शेंकडा १०. एक फसल्यावर दुसरी अजमाविली, तरी शेंकडा १९. परंतु ४५० प्रमाणें दोन भाग केल्यास प्रत्येकास शेंकडा ५५, व दोन्ही मिळून शेंकडा ३० हून थोडी अधिक. सर्वांत उत्तम विभागणी कशी काढावी, हें रेने पिकहार्ट व स्टेफान रिश्टर यांनीं २०२१ सालच्या निबंधांत दाखविलें आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे फसलेल्या प्रयत्नापासून शिकणें. १००० च्या चॅनेलमधून ६०० गेले नाहींत, तर तेथें ६०० हून कमी मणी आहेत, इतकें तरी निश्चित कळलें. आतां तेथूनच ३०० पाठवावयाचे म्हटल्यास संभाव्यता पूर्वींप्रमाणें शेंकडा ७० न धरितां शेंकडा ५० धरावी. मात्र हें ज्ञान कायमचें नव्हे. मणी पुन्हां सरकतात. म्हणून जसजसा वेळ जाईल, तसतसा जुन्या अनुभवाचा भार कमी केला पाहिजे. एकदां बंद दिसलेलें दार जन्मभर बंदच आहे, असें मानणाराही चुकतो, आणि त्याच दारावर पुनःपुन्हां डोकें आपटणाराही चुकतो.

हें चलन विकत घ्यावें असें आम्ही पालकांस सुचवीत नाहीं. त्याची किंमत फार चढते-उतरते. आमचा हेतु इतकाच कीं, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो, आणि अशा वेळीं नुसत्या स्वस्ताईकडे न पाहतां शांतपणें हिशेब करण्याची संवय मुलांस लागावी.

शेवटीं विद्यार्थ्यांकरितां एक उदाहरण. ५०० मणी पाठवावयाचे आहेत. पहिल्या वाटेवर १००० चें एक चॅनेल असून हशील एक मणी आहे. दुसऱ्या वाटेवर २००० चीं दोन चॅनेलें असून हशील दोन मणी आहे. हशिलाची भर हिशेबांत न घेतां दोन्ही वाटांची संभाव्यता काढावी, आणि आपण कोणती वाट धराल तें सकारण लिहून वडील मंडळींस दाखवावें.