नातवाचे सोंग, मुलाचा संघ

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे अमेरिकेत मुलाकडे होतो. एका रविवारी त्याच्या ऑफिसातले आठ-दहा जण घरी जमले आणि अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू आळीपाळीने निवडून प्रत्येकाने आपापला कागदी संघ बांधला. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी त्या संघाची चर्चा. माझा पंधरा वर्षांचा नातू दर शनिवारी मित्रांबरोबर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. त्यात तो एक चोर झाला आहे. पण पाहुण्यांसमोर हा विषय निघाला की सूनबाई तो बदलते. दोन्ही खेळ मनातलेच. मग एक मिरवायचा आणि दुसरा झाकायचा, असे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मुलाच्या घरात जे दिसले, ते अमेरिकेत गेली पन्नास वर्षे चालत आले आहे. मुलाचा खेळ म्हणजे फँटसी स्पोर्ट्स. खरा खेळाडू मैदानावर जे करतो, त्याचे गुण तुमच्या कागदी संघाच्या खात्यावर जमा होतात. नातवाच्या खेळात चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक डंजन मास्टर. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि बेत फसला की साधला, हे बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो. संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. आपल्या दशावतारात कथा ठरलेली असते, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात. नातवाचा खेळ त्याच्या जवळचा आहे.

दोन्हीकडे तक्ते आहेत, आकडेमोड आहे, नियमांवरून वाद आहेत आणि मित्रांनी एकत्र यायचा ठरलेला वार आहे. फरक पडला तो जगाला त्यांची ओळख कोणी करून दिली, इथे.

फँटसी फुटबॉलचे नियम १९६२ मध्ये ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख आणि त्यांच्या सोबत्यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून आखले. १९८० मध्ये लेखक-संपादक डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी बेसबॉलची अशीच लीग सुरू केली. ज्या उपाहारगृहात ते जमत, त्यावरून तिचे नाव रोटिसरी लीग पडले. या मंडळींत लेखक, पत्रकार, प्रकाशन व्यवसायातली माणसे होती. त्यामुळे खेळाची गोष्ट खेळणाऱ्यांनीच आपुलकीने लिहिली.

डंजन्स अँड ड्रॅगन्सला हे भाग्य लाभले नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला; पहिल्या छपाईच्या प्रती होत्या अवघ्या १,०००. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला एक सोळा वर्षांचा विद्यार्थी नाहीसा झाला. शोधासाठी नेमलेल्या खासगी गुप्तहेराने तर्क मांडला, की मुलगा हा खेळ खेळत विद्यापीठाखालच्या बोगद्यांत हरवला असावा. मुलगा महिनाभराने सापडला आणि त्याच्या दुःखाची कारणे वेगळीच निघाली. पण तोवर बोगद्याची कथा देशभर गेली होती. १९८२ मध्ये ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ हा दूरचित्रवाणीपट आला. अशा खेळात भान हरपलेला तरुण त्यात टॉम हँक्स यांनी रंगवला होता. १९८३ मध्ये व्हर्जिनियातल्या एका आईने मुलाच्या आत्महत्येचा दोष खेळाला देत त्याविरुद्ध संघटना उभारली. तिच्या दुःखाबद्दल आदर बाळगूनच सांगायला हवे, की खेळामुळे आत्महत्या होतात हे कधी सिद्ध झाले नाही. तरी धसका एवढा, की १९८९ च्या नव्या आवृत्तीतून प्रकाशकांनी राक्षस आणि सैतान यांची इंग्रजी नावेही काढून टाकली.

कायद्याच्या दारातही हाच भेद दिसतो. २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने इंटरनेटवरील जुगाराच्या पैशांची वाट अडवणारा कायदा केला, तेव्हा फँटसी स्पोर्ट्सला काही अटींवर त्यातून वगळले. २०१० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका तुरुंगाने डंजन्स अँड ड्रॅगन्सवर घातलेली बंदी केंद्रीय अपील न्यायालयाने उचलून धरली. या खेळातून कैद्यांच्या टोळ्या बनतील, अशी तुरुंगाची भीती होती. हा खेळ जन्मला, ते लेक जिनिव्हा गाव याच विस्कॉन्सिनमधले.

पण बातम्या आणि कायदे यांच्याही मुळाशी एक गोष्ट आहे. ती कादंबरीकार जॅक केरुआक यांच्या उदाहरणाने चांगली कळते. त्यांनी शाळकरी वयातच बेसबॉलचा एक खेळ रचला. त्यातले संघ आणि खेळाडू मनाने निर्मिलेले. त्या सामन्यांचे निकाल आणि बातम्याही ते स्वतः लिहीत. मोठेपणी, नाव झाल्यावरही ते हा खेळ खेळत राहिले. मात्र जवळच्या बहुतेक मित्रांना त्याचा पत्ता नव्हता. ते कागद आज न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात जपलेले आहेत. खेळ बेसबॉलचाच, तरीही संकोच वाटला, कारण त्यातला प्रत्येक माणूस त्यांच्या मनातून आला होता. तुमच्या मुलाच्या कागदी संघाला दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या खऱ्या खेळाडूंचा आधार आहे. नातवाला असा आधार नाही. मोठे होत आलेले माणूस चारचौघांत ‘मी चोर आहे’ म्हणून वेगळ्या आवाजात बोलू लागले, की लोकांना भातुकली आठवते आणि भातुकलीचे वय संपले पाहिजे, असा आपला सर्वांचा आग्रह असतो.

हे चित्र आता पालटते आहे. ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमात २०१५ पासून व्यावसायिक आवाज-कलाकार हा खेळ प्रेक्षकांसमोर खेळतात. २०१६ च्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेतली मुले पहिल्याच भागात तो खेळताना दिसतात. २०२३ मध्ये त्यावर मोठा चित्रपटही आला.

आणि मान मिळाला म्हणजे खेळ निर्धोक झाला, असेही नाही. आपल्याकडचेच पाहा. २००८ मध्ये मुंबईत सुरू झालेली फँटसी स्पोर्ट्सची ड्रीम११ कंपनी २०२० मध्ये आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली आणि २०२३ मध्ये तिचे नाव भारतीय संघाच्या जर्सीवर आले. हा कौशल्याचा खेळ आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले होते. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कौशल्य आणि नशीब हा भेद बाजूला ठेवून, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच बंदीचा कायदा केला. कर्जबाजारी झालेली कुटुंबे त्या निर्णयामागे होती. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हे आपल्या म्हणीने कधीच सांगून ठेवले आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. खेळाची पारख लोक काय म्हणतील यावरून करू नये. त्यात पैसा किती जातो, झोप आणि अभ्यास किती जातो आणि माणूस माणसांत येतो की एकटा पडतो, हे पाहावे. मित्रांची, ऐपतीत बसणारी लीग असेल, तर मुलाचा खेळ चांगलाच आहे. दर शनिवारी चार मित्रांसमोर बसून गोष्ट रचणारा, दुसऱ्याचे ऐकून मगच आपले बोलणारा नातूही चांगल्या मार्गावर आहे. पुढच्या वेळी फोन कराल, तेव्हा मुलाला त्याच्या संघाबद्दल विचारालच. नातवालाही विचारा, “तुझा चोर सध्या कुठल्या संकटात आहे रे?” आणि तो सांगू लागला, की सूनबाईलाही ऐकायला बसवा.