समुद्राचा पंचनामा

गारपीट झाली की तलाठी शेतात येतो. पंचांसमोर पीक पाहतो. किती गेले ते लिहून घेतो. पंचनामा म्हणजे काय, हे अमडापुरात कोणाला सांगायला नको. पण समुद्राचे नुकसान झाले तर? त्याचाही पंचनामा करावा लागतो.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' एका बाजूला कलले. त्यातले शेकडो टन तेल समुद्रात सांडले. ते काळे, चिकट तेल मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्याला लागले. कोळी लोकांची मासेमारी अडली. मासळीला गिऱ्हाईक मिळेना.

खाडीच्या चिखलात तिवरांची झाडे असतात. त्यांची मुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. मुळांवर तेल बसले की झाड गुदमरते. याच झाडांच्या आडोशाला माशांची पिल्ले वाढतात. झाड गेले की मासळीही घटते.

मग नुकसान मोजायचे कसे? जाणकार लोक पाणी, चिखल आणि मासे तपासतात. मेलेली झाडे मोजतात. तेल न लागलेल्या खाडीशी तुलना करतात. पण पहिला प्रश्न हाच, की आधी इथे काय होते? शेताचा पीकपेरा सातबारावर असतो. तशी खाडीची जुनी नोंद असली, तरच हिशेब पक्का होतो.

नंतर दुरुस्ती. तरंगते तेल अडवून उपसतात. चिखल फार तुडवत नाहीत. तुडवला तर तेल खाली मुरते. मेलेल्या झाडांच्या जागी रोपे लावतात आणि ती कित्येक वर्षे राखतात.

खर्च कोणाचा? ज्याने घाण केली त्याचा. ऑगस्ट २०११ मध्ये 'राक कॅरिअर' हे कोळशाचे जहाज मुंबईजवळ बुडाले. त्याचेही तेल सांडले. २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जहाजवाल्यांना १०० कोटी रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला.

मंडळी, आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. उन्हाळ्यात विहिरीला किती हात पाणी असते? नाल्यात कोणते मासे आहेत? काठावर झाडे किती? तारीख घालून लिहा. उद्या कोणी नाल्यात घाण सोडली, तर ही वही तुमच्या बाजूने बोलेल.

प्रश्न
१. तेलाने तिवराचे झाड का मरते?
२. नुकसान मोजायला जुनी नोंद कशाला हवी?
३. तुमच्या वहीत पहिली नोंद कशाची कराल?