सह्यपर्वताचा माथा : अरण्य आणि दोन दिशांचे पाणी

पुराणांनी भारतवर्षातील जे सात कुलपर्वत सांगितले, त्या महेंद्र, मलय, सह्य, शुक्तिमान, ऋक्ष, विंध्य आणि पारियात्र या मालिकेत सह्याचे स्थान तिसरे आहे. परशुरामाने याच पर्वतावरून बाण सोडून समुद्र मागे हटविला, ही कथा आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु ज्या पर्वतावर तो उभा होता त्याची घडण कशी, त्यावरील अरण्य कोणते आणि आपल्या विहिरींशी व नद्यांशी त्याचा संबंध काय, याचा विचार मंडळींत क्वचितच होतो. प्रस्तुत पाठात तेवढाच विषय घेतला आहे. सह्याद्री फार मोठा असल्यामुळे आंबोलीपासून चोर्ला व कणकुंबीवरून भीमगडापर्यंतचा, म्हणजे सावंतवाडी, गोमंतक आणि बेळगाव यांच्या मधला पट्टाच येथे मुख्यतः विचारात घेऊ.

तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीच्या परिसरापर्यंत हा पर्वत सुमारे १६०० किलोमीटर पसरला आहे. एवढ्या लांबीत पालघाटची सुमारे ३० किलोमीटर रुंदीची खिंड वगळल्यास त्यात मोठा खंड कोठेही नाही. आपण त्याला पर्वत म्हणतो, पण हिमालयाप्रमाणे भूमीला वळ्या पडून तो उभा राहिलेला नाही. वस्तुतः ती दख्खनच्या पठाराची तुटलेली कड आहे. म्हणूनच कोकणातून भिंतीसारखा दिसणारा सह्याद्री बेळगावकडून जाणाऱ्यास पर्वत असा वाटतच नाही. रस्ता हळूहळू चढतो, झाडी दाट होते आणि एकाएकी समोरची जमीन संपते. उत्तरेकडे ही कड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांची आहे. गोमंतकाच्या सीमेपासून दक्षिणेस मात्र त्याहून कितीतरी प्राचीन खडक उघडे पडतात. माथ्यावर ठिकठिकाणी जांभ्या दगडाचे सडे आहेत. हा जांभा सच्छिद्र असतो आणि पावसाचे पाणी पोटात घेतो, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे या भिंतीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला भार तेथेच उतरवितात. पणजीस वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीस सुमारे ७०००, आणि माथा ओलांडून बेळगावास पोचावे तो आकडा १३०० च्या आसपास येतो. पावसाबरोबर अरण्यही पालटते. माथ्यावर आणि पश्चिमेच्या घळींत जांभूळ, अंजनी, हिरडा यांसारख्या वृक्षांचे दाट, बारमाही हिरवे रान आहे. पूर्वेस उतरू लागताच ऐन, किंजळ, साग असे उन्हाळ्यात पाने गाळणारे वृक्ष येतात आणि त्यापुढे शेतांचा मोकळा मुलूख लागतो. एका दिवसाच्या प्रवासात इतकी स्थित्यंतरे पाहावयास मिळणारे प्रदेश थोडे.

खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे गाव या दृष्टीने फार बोधप्रद आहे. तेथे माउली देवीच्या मंदिराजवळ मलप्रभेचा उगम आहे. समुद्र पश्चिमेस इतका जवळ असूनही ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते, सुमारे ३०० किलोमीटर वाहून कूडलसंगमास कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरास जाते. याच परिसरात उगम पावणारा कळसा नाला मात्र पश्चिमेस वळून म्हादईला मिळतो, आणि तीच म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रात शिरते. दोन थेंब शेजारी शेजारी पडावेत आणि एक एका समुद्रास, दुसरा दुसऱ्या समुद्रास जावा, अशी ही जागा आहे. या पाण्याच्या वाटपाचा तंटा २०१० साली लवादाकडे सोपविला गेला, १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाने निवाडा दिला, आणि त्यानंतर तो सर्वोच्च न्यायालयातही पोचला. घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन्हीकडचे वाचक असलेल्या पत्रकाने त्यात पक्ष घेणे उचित नव्हे. मात्र वाद कोणत्याही बाजूने सुटो, पाणी मुळात उरते कसे हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

पाऊस तर चार महिन्यांत संपतो. मग फाल्गुन-चैत्रात झरा वाहतो तो कशाच्या बळावर? दाट रानात पावसाची सर प्रथम शेंड्यांवर फुटते, मग खालच्या झुडपांवर आणि शेवटी कुजलेल्या पाल्याच्या थरावर हळुवार उतरते. त्या थराखालची माती गांडुळांनी, वाळवीने आणि जुन्या मुळांच्या पोकळ वाटांनी भुसभुशीत झालेली असते. पाणी त्या वाटांनी आत मुरते, जांभ्यात व खडकांच्या भेगांत साठते आणि महिनोन्‌महिने थोडे थोडे पाझरत राहते. रान तुटले की तीच सर उघड्या मातीवर आदळते, मातीची छिद्रे गाळाने बुजतात, पाणी वरच्या वर धावते आणि जाताना मातीही नेते. श्रावणात पूर आणि चैत्रात कोरडी विहीर, या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते. वृक्ष स्वतःही पुष्कळ पाणी पितात हे खरे. परंतु सह्याद्रीसारख्या तीव्र उतारावर मुरलेल्या पाण्याचे मोल त्याहून अधिक आहे.

आपल्या पूर्वजांनी ही मीमांसा लिहून ठेवली नाही, पण झऱ्याभोवतालचे रान देवाच्या नावे सोडले. देवराईत कुऱ्हाड लावावयाची नाही, वाळली काटकीही घरी न्यावयाची नाही, असा कित्येक गावांचा दंडक होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा सभोवारच्या डोंगरांवरून नाहीसे झालेले वृक्ष या राखीव तुकड्यांत टिकल्याचे दिसून आले. सत्तरी तालुक्यातील बांबर येथील निरंकाराची राई याचे उत्तम उदाहरण आहे. तेथे रानजायफळीच्या कुळातील वृक्ष बारमाही ओल्या दलदलीत उभे आहेत. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून त्यांची मुळे गुडघ्याप्रमाणे वाकून जमिनीबाहेर येतात व श्वास घेतात. अशा दलदली आता फार विरळा झाल्या आहेत. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे अशीच एक आहे, आणि तीही देवराईतच.

अलीकडे जीर्णोद्धाराच्या उत्साहात राईतील जुने वृक्ष पाडून तेथे सभामंडप, फरसबंदी आणि वाहनतळ करण्याची रीत पडत चालली आहे. देवालय मोठे होते, पण ज्या रानाच्या रूपाने देव तेथे होता ते रान जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा कामाचा नकाशा आखण्यापूर्वी विश्वस्तांनी गावातील वृद्धांना सोबत घेऊन राईतील झरा कोठून येतो हे एकदा चालत जाऊन पाहावे. वैशाखात पाहिल्यास उत्तम.

आंबोलीचे हिरण्यकेशी तीर्थ अनेक सभासदांनी पाहिले असेल. शंकराच्या या स्थानी गुहेतून पाणी बाहेर येते आणि त्याचीच हिरण्यकेशी नदी होऊन पूर्वेस घटप्रभेकडे जाते. तेथील कुंडात बोटाहूनही लहान असा एक मासा २०२० साली शास्त्रज्ञांनी नव्या जातीचा म्हणून नोंदविला आणि नदीचेच नाव त्याला दिले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने सुमारे २ हेक्टरांचे हे स्थान जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केले. ज्या पाण्यास आपण पिढ्यान्‌पिढ्या हात जोडले, त्यात हा जीव सर्वांच्या डोळ्यांसमोर नांदत होता. दर्शनास जाणाऱ्यांनी कुंडात साबण, कापूर वा निर्माल्य टाकू नये. मासे धरणे तर सर्वस्वी वर्ज्य. या कुळातील मासे तळच्या खड्यावाळूत राहतात. तेव्हा कुंडाचा तळ उपसून तो सिमेंटने लिंपावा, अशी सूचना कोणा देणगीदाराकडून आल्यास तिला नम्रपणे नकार द्यावा.