कोटणीस खेड्यातले डॉक्टर होते का?

प्रश्न : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायचे, एवढंच आम्ही शाळेत शिकलो. मग खेड्यांतल्या वैद्यकीय सेवेचा विषय निघाला की त्यांचं नाव का घेतात?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : घ्यायलाच हवं, आणि आजवर घेतलं त्याहून जास्त घ्यायला हवं. व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या सिनेमामुळे कोटणीस आपल्या मनात रणांगणावरच राहिले. पण त्यांचं शेवटचं आयुष्य गेलं ते खेड्यात.

१० ऑक्टोबर १९१०ला सोलापुरात जन्म, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिक्षण. १९३८ साली काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यांत ते होते. तिकडे गेल्यावर वडील वारल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत.

जानेवारी १९४१मध्ये ते हबै प्रांतातल्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. रुग्णालय म्हटलं की आपल्याला इमारत आठवते. त्या डोंगराळ मुलखात मात्र जपानी फौज कधी चालून येईल याचा नेम नसायचा, म्हणून रुग्णांना शेतकऱ्यांच्या घरीच ठेवत. खालून ऊब दिलेल्या विटांच्या ओट्यावर रुग्ण निजलेला, शेजारी घरातली माणसं, आणि डॉक्टर एका घरातून दुसऱ्या घरात. नाकेबंदीमुळे औषधांची कायमची चणचण. अशा ठिकाणी सैनिक तपासून झाला की गावकऱ्याचीही नाडी बघावीच लागते. गावकरी त्यांना ‘काळी आई’ म्हणत, असं तिथले लोक सांगतात.

मला स्वतःला सगळ्यांत मोठी वाटते ती त्यांची शिकवण्याची धडपड. ते चिनी बोलायला, लिहायला शिकले आणि तिथल्या वैद्यकीय शाळेत त्याच भाषेत शिकवू लागले. गावाकडच्या पोरांना हाताशी धरून घडवलं. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेवर एक पुस्तक लिहिलं. दुसरं लिहायला घेतलं, ते अपुरं राहिलं. त्याच शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१मध्ये लग्न केलं. पथकातले बाकीचे चौघे मायदेशी परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ला अपस्माराच्या झटक्याने तिथेच गेले. वय अवघं ३२, घरी काही महिन्यांचा मुलगा.

पंढरपूरहून सोलापूर काही लांब नाही. भैय्या चौकात महापालिकेने त्यांचं स्मारक केलं आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जाऊन या.